ऐरोली, कळवा, घोडबंदर की उलवे? ठाणे खाडीच्या दोन काठांवर घरांचे भाव इतके वेगळे का?

खाडीकाठची (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी.

आम्ही सहा वर्षं नवी मुंबईत, ऐरोलीत भाड्याने राहतोय. सेक्टरमधली जुनी सोसायटी, वन बीएचके, भाडं २४ हजार. मी ऐरोलीतच नोकरीला, नवरा खाडीपलीकडे ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये, सासू-सासरे ठाण्यातच नौपाड्यात. मुलगी तिसरीत आहे. दर अकरा महिन्यांनी करार संपत आला की पोटात गोळा येतो. या वेळी घरमालकांनी स्पष्टच सांगितलं की मे महिन्यात त्यांचा मुलगा राहायला येणार आहे. त्यांची काही चूक नाही, घर त्यांचं आहे. पण मुलीला तिसऱ्यांदा मैत्रिणी बदलायला लावायच्या नाहीत, म्हणून आता स्वतःचं घर घ्यायचं ठरवलंय.

बजेट ७५ लाख. तीन महिने प्रत्येक शनिवार-रविवार घरं बघण्यात गेला. एवढ्या पैशात ऐरोलीत पंचवीस वर्षं जुनं, लिफ्ट नसलेलं, तिसऱ्या मजल्यावरचं लहान घर दाखवतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या पुढे एकविसाव्या मजल्यावरचं, खाली पोहण्याचा तलाव असलेलं, अजून बांधून व्हायचं घर. नवी मुंबईतल्या उलव्यात नवीकोरी, हवेशीर इमारत. ठाण्यापलीकडच्या दिव्यात एक एजंट म्हणाला, "ताई, एवढ्यात दोन घरं देतो." आणि नौपाड्यात विचारल्यावर समोरच्याने चहा दिला आणि विषय बदलला.

ऐरोलीतून ठाणे स्टेशन लोकलने काही मिनिटांवर. सिमेंट तेच, सळई तीच, गवंडीसुद्धा त्याच नाक्यावरून उचललेले. मग भाव असा कसा बदलतो? कुठे घेतलं तर जास्त परतावा मिळेल हे मला नकोय. हा भाव कशाकशाचा बनतो ते समजून घ्यायचंय, म्हणजे आपण पैसे कशाचे मोजतोय ते तरी कळेल. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाचपाखाडीकर | शनिवार, रात्री १०:५२

ताई, नौपाडा-पाचपाखाडीचं सांगतो, कारण जन्म इथलाच. इथे नवीन जमीन उरलेलीच नाही. जे नवं घर मिळतं ते जुनी इमारत पाडून बांधलेलं. आणि जुन्या इमारती ज्या गल्ल्यांमध्ये आहेत त्या इतक्या अरुंद की रस्ता नऊ मीटर भरत नाही म्हणून वाढीव बांधकाम मिळायला अडचण येते. बिल्डरला वाढीव घरं मिळाली नाहीत तर तो फुकट का बांधेल? म्हणून शेकडो सोसायट्या तशाच उभ्या आहेत, आणि ज्या थोड्या होतात त्यांतली विक्रीची घरं मोजकी. त्यावर स्टेशन पायी, शाळा पायी, तलावपाळी पायी. ज्यांना इथलं सोडवत नाही त्यांच्यातच ओढाताण होते आणि भाव चढतो.

दुसरी गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. ठाणे कारखान्यांचं गाव होतं. वागळे इस्टेट १९६२ ची, एमआयडीसीची पहिली वसाहत. पोखरण रोड, कोलशेत, माजिवडा, सगळीकडे भोंगे वाजायचे. माझे वडील सायकलवर बारा मिनिटांत कामाला पोचायचे. कारखाने बंद झाले आणि त्याच जमिनींवर संकुलं उभी राहिली. घरं आली, पण काम मुंबईत, बीकेसीला आणि अंधेरीला गेलं. तेव्हा घराचा भाव कामापासूनच्या अंतरावर ठरत नव्हता, कारण काम दारात होतं. आता स्टेशनपासून किती मिनिटं, यावर सगळा खेळ आहे.

जुना_ओव्हरसियर | रविवार, सकाळी ७:२०

चाळीस वर्षं बांधकामात गेली, दोन्ही काठांवर कामं केली. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, जोत्याच्या वरचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखा. फरक जोत्याच्या खाली आहे.

वाशी, सानपाडा, नेरुळचा बराच भाग खाजणावर, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीवर, भराव टाकून केलेला. खाली खाडीची काळी चिकणमाती. पावसाळ्यात ती लोण्यासारखी, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता पाया टाकून उंच इमारत उभी राहत नाही, खडक लागेपर्यंत पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर खांब, उतरवावे लागतात. प्लॉटच्या एका कोपऱ्यात खडक वर आणि दुसऱ्या कोपऱ्यात खूप खाली, असंही मी पाहिलंय. तो सगळा पैसा जमिनीत जातो, ग्राहकाला दिसत नाही. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी मुरूम आणि कातळ लवकर लागतो, पाया स्वस्त पडतो. पण तिथे तीन मजली पार्किंग खाली घ्यायचं म्हटलं की कातळ फोडण्याचा खर्च येतो. आणि बाळकुम-कोलशेतची खाडीकडची बाजू पुन्हा वाशीसारखीच.

पाण्याचा निचरा हा वेगळाच विषय. नवी मुंबईतले कित्येक सेक्टर भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून आखणी करतानाच धारण तलाव ठेवले. भरती आली की खाडीकडची दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. फार विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे ही. पण तलावांत गाळ साचतो, खारफुटी वाढते, आणि खारफुटीला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. तेव्हा तुम्ही घर बघायला गेलात तर तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, जुलैमध्ये मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच दिवशी आला तेव्हा पाणी कुठवर होतं. तो खरं सांगतो.

वाळूचंही सांगतो. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने खाडीतला वाळूउपसा थांबवला, तेव्हापासून हळूहळू सगळे दगड भरडून केलेल्या वाळूवर आले. आधी रेतीबंदरची वाळू दाराशी होती, आता खाणीपासून साइटपर्यंतचं डंपरभाडं प्रत्येक ब्रासमध्ये मिसळतं. आणि एकविसाव्या मजल्याचं घर सातव्यापेक्षा बांधायलाही महाग, सांभाळायलाही. लिफ्ट, आगीची यंत्रणा, पंप, जनरेटर, हे सगळं पुढे मेंटेनन्समध्ये कायम भरावं लागतं.

खाडीकाठची | रविवार, सकाळी ९:०५

ओव्हरसियर काका, मनापासून आभार. दुकानदाराला विचारायचं हे तर डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही एजंटलाच विचारत होतो.

सेक्टर१०_सचिव | रविवार, सकाळी ११:४०

काकांनी मातीचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. नवी मुंबई आणि ठाणे यांच्यातला सर्वांत मोठा फरक हाच आहे.

ठाण्यात जमीन खाजगी मालकीची, सातबाऱ्यावर कुणाचं तरी नाव. नवी मुंबईत सिडको ही सरकारी कंपनी १९७० मध्ये स्थापन झाली, ९५ गावांच्या परिसरात ३४४ चौरस किलोमीटरचं शहर आखलं गेलं. इथली जमीन विकली जात नाही, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. तुम्ही फ्लॅट घेता, खालची जमीन भाडेपट्ट्याची. म्हणून पुनर्विक्रीत सोसायटीच्या परवानगीबरोबर सिडकोची ना-हरकत आणि हस्तांतर शुल्क येतं. घर बघताना पहिला प्रश्न विचारा, पट्टा कोणत्या वर्षी सुरू झाला आणि कुणाच्या नावावर आहे. बिल्डर, सिडको आणि सोसायटी यांचा त्रिपक्षीय करार झालाय की नाही. तो झाला नसेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी सगळं अडतं.

दुसरं, इथे नव्या जमिनीचा भाव निविदेने ठरतो. जो जास्त बोली लावेल त्याला प्लॉट. याचा परिणाम असा की जमिनीचा भाव लपून राहत नाही. शेजारच्या सेक्टरमधल्या प्लॉटची निविदा उघडली की आठवड्याच्या आत आमच्या सोसायटीतले लोक आपापल्या घराचा नवा भाव सांगायला लागतात. त्यांच्या घरात एक वीटही नवी लागलेली नसते.

आणि तुम्ही पाहिलेलं ते पंचवीस वर्षं जुनं घर एवढं महाग का, त्याचं उत्तर पुनर्विकासात आहे. विकणारा तुम्हाला आजचं घर देतो पण भाव उद्याच्या मोठ्या घराचा लावतो. आमच्याच इमारतीत सात वर्षं बैठका चालू आहेत. सभासदांचं एकमत, पट्ट्याची कागदपत्रं, विमानतळामुळे आलेली उंचीची मर्यादा, मधल्या काळात राहायचं कुठे. म्हाताऱ्या सभासदांपैकी चारजण वाट बघता बघता गेले. छताचं प्लास्टर पडतं म्हणून आमच्याकडे एक आजी पंख्याखाली झोपत नाहीत. पुनर्विकास होईल तेव्हा होईल, पण त्या आशेचे पैसे आज मोजायचे की नाही हे तुम्ही ठरवा. आणि इमारत तीस वर्षांची झाली की संरचनात्मक तपासणी कायद्याने करावीच लागते, तिचा अहवाल मागून घ्या.

जाता जाता, सोसायटी हस्तांतर प्रीमियम म्हणून २५ हजारांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. "देणगी" म्हणून कुणी वर मागितलं तर देऊ नका.

कासारवडवलीकर | रविवार, दुपारी ३:१०

२०१३ मध्ये इथे आलो कारण मुलुंडमध्ये परवडत नव्हतं. तेव्हा घराभोवती भाजीचे मळे होते. आजही पहाटे येऊरकडून जो गारवा येतो त्यासाठी हे घर मला आवडतं, हे आधी सांगतो.

आता भावाचं. आम्ही घर घेतलं तेव्हाच "मेट्रो येणार" हा शब्द भावात मिसळलेला होता. वडाळा-कासारवडवली मार्गाचं काम २०१८ च्या सुमारास सुरू झालं. खांब उभे राहिले, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चाचणीची गाडीही धावली, आम्ही सगळे बाल्कनीत उभं राहून टाळ्या वाजवत होतो. पण मधल्या वर्षांत घोडबंदर रस्ता अर्धा झाला तो झालाच. त्यात न्हावा शेवा बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्यावर, आणि गायमुख घाटाची दुरुस्ती निघाली की स्टेशनला जायला दीड तास. माझ्या मुलाच्या दहावीच्या पेपरला आम्ही सकाळी साडेसातला निघालो होतो, पेपर अकराचा होता.

मुद्रांक शुल्कातसुद्धा १ टक्का मेट्रो अधिभार असतो. म्हणजे मेट्रो भावात मोजली, करात मोजली, आणि तिच्या कामामुळे गेलेला वेळही आम्हीच मोजला.

आणि पाणी. संकुलात नळाचं पाणी गरजेपेक्षा कमी पडतं, मार्च ते जून टँकर. तो खर्च जाहिरातीत नसतो, मेंटेनन्सच्या बिलात असतो. नवीन घर बघायला गेलात तर सोसायटीचा मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा, त्यात "टँकर" या शीर्षाखाली किती आहे ते बघा. चालू प्रकल्पात ताळेबंद नसतो, तर शेजारच्या संकुलाचा बघा.

मोरबेकाठ | रविवार, दुपारी ३:४८

पाण्याच्या मुद्द्याला अनुमोदन. नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं आहे, त्यामुळे ऐरोली ते बेलापूर पट्ट्यात पाण्याची निश्चिंती बरीच जास्त. ऐरोलीचा भाव जो तुम्हाला टोचतोय, त्यात या धरणाचा वाटा आहे. खारघर, उलवे इकडे पाणी दुसऱ्या योजनांचं, आणि उन्हाळ्यात फरक जाणवतो. पनवेल महापालिका २०१६ मध्ये झाली, तेव्हापासून खारघरला मालमत्ता कर आणि सिडकोचं सेवा शुल्क असा दुहेरी भार पडल्याचा वाद आहे. घर घेताना मागची थकबाकी कुणाच्या गळ्यात, हे करारात लिहून घ्या.

लेडीज_डबा_दिवा | रविवार, रात्री ९:३०

दिव्याबद्दल मी लिहिते, कारण मी राहते.

२०१४ मध्ये घेतलं. मंगळसूत्र सोडून सगळं सोनं मोडलं, गावची कलमांची बाग दिराला दिली, रोख पैसे भरले. रोख का, तर बँक कर्ज देत नाही. बँक कर्ज का देत नाही, तर इमारतीला परवानगीच नाही. आमच्याकडे नोटरी केलेला कागद आहे, नोंदणीकृत करार नाही. कर भरतो त्याच्या पावत्या जपून ठेवल्यात, पण ताई, कराच्या पावतीने इमारत अधिकृत होत नाही हे मला नंतर वकिलाने सांगितलं. तुमच्या एजंटने "एवढ्यात दोन घरं" म्हटलं ना, त्यातलं एकही घर कागदावर तुमचं होणार नाही.

पाणी दिवसाआड, तेही रात्री कधीही. मी अलार्म लावून उठते. सकाळी ७:१२ च्या लोकलला दिव्याहून आत शिरणं म्हणजे काय ते शब्दांत सांगता येत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसं गेली, त्या दिवसापासून माझी मुलगी मी घरी पोचेपर्यंत जेवत नाही.

मला कुणाची दया नको. आम्ही अडाणी होतो म्हणून इथे आलो असं नाही. तेव्हा आमच्याकडे जेवढे पैसे होते तेवढ्यात डोक्यावर छप्पर फक्त इथेच मिळत होतं. स्वस्त घर का स्वस्त आहे हे तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं. तुमच्याकडे बँक कर्ज देईल अशी नोकरी आहे, पगाराची स्लिप आहे. तुम्ही कागद असलेलंच घर घ्या, लहान असलं तरी.

खाडीकाठची | रविवार, रात्री १०:१०

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्ही हे आमच्यासाठी लिहिलंत. खूप आभार.

गोठिवलीचा | सोमवार, सकाळी ८:१५

बिनपरवाना घरांचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावांचीही बाजू ऐका. ९५ गावांपैकी एक माझं. आजोबांची भातशेती आणि मिठागरातला वाटा संपादनात गेला. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज तुम्ही ज्याला "साडेबाराची बिल्डिंग" म्हणता ती याच प्लॉटवर. सिडकोच्या निविदेच्या प्लॉटपेक्षा तिथलं घर थोडं स्वस्त मिळतं, कारण त्या जमिनीसाठी कुणी बोली लावलेली नसते.

पण वाटप व्हायला वर्षं गेली. मधल्या काळात तीन भावांची नऊ मुलं झाली. गावठाणाची हद्द तीच राहिली. मग अंगणात खोली चढली, खोलीवर मजला चढला. आम्ही त्याला गरजेपोटी बांधलेली घरं म्हणतो. आज माझ्या घरात सहा भाडेकरू आहेत. दोन नर्स, एक रिक्षावाला, एक तुमच्याच आयटी पार्कमधला सुरक्षारक्षक. ७-८ हजारांत त्यांना सेक्टरमध्ये कोण खोली देईल? तुमचे सेक्टर चालतात ते आमच्या गावठाणात झोपणाऱ्या माणसांच्या जिवावर. घरांच्या भावाची चर्चा करताना या खोल्या नेहमी "अनधिकृत" या एका शब्दात संपवतात, ते मला लागतं.

जुना_ओव्हरसियर | सोमवार, सकाळी ९:५०

दादा, तुमचं दुःख खरं आहे आणि भाडेकरूंबद्दलचं तर शंभर टक्के खरं. पण मी इंजिनियर म्हणून गप्प राहू शकत नाही. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला लकी कंपाउंडची इमारत पडली, ७४ माणसं गेली. मी दुसऱ्या दिवशी तिथे होतो. पुढे कधीच ते डोळ्यांसमोरून गेलं नाही. मूळ मालकाने स्वतःच्या कुटुंबासाठी बांधलेलं घर वेगळं आणि बाहेरच्या ठेकेदाराने सहा महिन्यांत उभी केलेली सात मजली वेगळी. दुसऱ्या प्रकारात माती तपासलेली नसते, सळईचा हिशेब नसतो, आणि दोन इमारतींमध्ये अग्निशमनाची गाडी शिरेल एवढी जागा नसते.

गोठिवलीचा | सोमवार, सकाळी १०:२५

काका, मान्य. बाहेरून येऊन सात मजले चढवणारे आमच्याच पोरांना चार पैसे दाखवून सह्या घेतात, आणि इमारतीवर कारवाई आली की नाव आमचं येतं. गावठाणाचं सीमांकन करून, घरं तपासून, जी टिकाऊ आहेत ती नियमित करा आणि जी धोकादायक आहेत ती पाडून तिथेच नीट बांधा, एवढंच आमचं वर्षानुवर्षांचं म्हणणं आहे.

उलवेवाली | सोमवार, दुपारी १:३०

उलव्याचं घर हवेशीर दिसतं कारण रस्ते आधी आखलेले आणि इमारती अजून सगळ्या भरलेल्या नाहीत. इथला भाव दोन गोष्टींवर चढला, अटल सेतू आणि विमानतळ. सेतू १२ जानेवारी २०२४ ला झाला, विमानतळाला पर्यावरण मंजुरी २०१० मध्ये मिळाली होती, प्रत्यक्ष विमान उडायला डिसेंबर २०२५ उजाडला. या पंधरा वर्षांत दर वेळी नवी तारीख जाहीर झाली की भाव थोडा पुढे सरकायचा.

सेतूचा हिशेब करून बघा. कारचा एका फेरीचा टोल २५० रुपये, त्याच दिवशी परतलात तर मिळून ३७५. महिन्याचे २२ दिवस धरले तर ८,२५०. पेट्रोल वेगळं. माझ्या नवऱ्याने तीन महिने केलं आणि मग लोकलवर आला. आणि लोकलच्या फेऱ्या इथे कमी, एक सुटली की बराच वेळ थांबायचं. तुमची नोकरी ऐरोलीत आणि तुमच्या ह्यांची वागळेला, तर उलवे तुमच्यासाठी नाही. इथला भाव दक्षिण मुंबईत आणि विमानतळावर काम करणाऱ्यांसाठी वाजवी आहे, तुम्ही न वापरणाऱ्या पुलाचे पैसे का द्यायचे?

ऐरोलीचा मुलुंडकडचा टोलनाका मात्र ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना मोफत झाला. माझ्या भावाचे त्यात महिन्याला दोन हजारांच्या वर वाचतात.

खाडीकाठची | मंगळवार, रात्री ११:००

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. इथे मांडते, कुणाला उपयोग होईल.

७५ लाखांचं पुनर्विक्रीचं घर. बँक ८० टक्के देते, म्हणजे १५ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, ५ लाख २५ हजार. नोंदणी ३० हजार. दलाली १ टक्का, ७५ हजार. सोसायटीचे २५ हजार. म्हणजे साडेएकवीस लाख हातात पाहिजेत, आणि शुल्काला बँक कर्ज देत नाही. घर फक्त माझ्या नावावर घेतलं तर शुल्क १ टक्क्याने कमी, ७५ हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर ती सवलत नाही. बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर ५ टक्के जीएसटी, पावणेचार लाख आणखी, आणि ताबा मिळेपर्यंत इथलं भाडंही चालू.

६० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ८.५ टक्के धरून हप्ता साधारण ५२ हजार. आज भाडं २४ हजार. वरचे २८ हजार दर महिन्याला आम्ही नेमके कशाचे देणार, हाच माझा मूळ प्रश्न होता. तुमच्यामुळे तो फोडता आला. कासारवडवलीत त्यातला एक भाग मेट्रोचा आणि तलावाचा, उलव्यात सेतूचा, ऐरोलीच्या जुन्या घरात पुनर्विकासाच्या आशेचा. यातलं आम्हाला काय लागतं हे लिहायला बसलो तेव्हा फक्त चार गोष्टी निघाल्या. नळाला पाणी, नोंदणीकृत कागद, आम्हा दोघांना पाऊण तासात काम, आणि आजी-आजोबा रात्री बेरात्री रिक्षाने पोचण्याएवढे जवळ.

म्हणून नकाशावर पुन्हा बघितलं आणि खारीगाव-कळवा दिसलं. आतापर्यंत आम्ही ते बघितलंच नव्हतं, का ते मलाही माहीत नाही. लोक "कळवा" म्हटलं की नाक मुरडतात, तेच आम्हीही केलं असावं. २००६ ची इमारत, चार मजली, लिफ्ट आहे, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला महापालिकेची परवानगी) आहे. ६६ लाख सांगताहेत. कुणाला या भागाची माहिती आहे का?

पाचपाखाडीकर | मंगळवार, रात्री ११:२०

नक्की बघा. खारीगावचं फाटक बंद होऊन पूल झाला, ठाण्याला येणारा खाडीवरचा तिसरा पूल २०२२ मध्ये सुरू झाला. नौपाडा रिक्षाने सहज. भाव कमी असण्यात नावाचा वाटा मोठा आहे, जागेचा कमी. एकच, कळवा-मुंब्र्यात वीज २०२० पासून खाजगी वितरण कंपनीकडे आहे, तेव्हा मीटर नावावर करण्याची प्रक्रिया आणि जुनी थकबाकी आधी बघून घ्या.

सेक्टर१०_सचिव | बुधवार, सकाळी ८:०५

ठाण्याकडची जमीन खाजगी, त्यामुळे तिथे पट्ट्याचा प्रश्न नाही पण अभिहस्तांतरणाचा आहे. २००६ ची इमारत म्हणजे वीस वर्षं झाली. जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का? नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा, अर्ज केलाय का? सचिवांकडे मिळकतपत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. आणि फक्त भोगवटा प्रमाणपत्राची झेरॉक्स बघून थांबू नका, महापालिकेत पडताळून घ्या. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर ६५ इमारतींनी रेराचा (गृहप्रकल्पांच्या नियामकाचा) क्रमांकसुद्धा मिळवला होता, त्यात घरं घेतलेल्यांचे हाल सगळ्यांनी पाहिलेत.

लेडीज_डबा_दिवा | बुधवार, दुपारी २:४०

ताई, कळव्याला माझी नणंद राहते. पाणी सकाळी येतं, पण वरच्या मजल्यांना दाब कमी असतो. घर कितव्या मजल्यावर आहे? एजंट दुपारी घर दाखवतो, तेव्हा टाकी भरलेली असते. पाणी यायच्या वेळेला जा.

खाडीकाठची | बुधवार, रात्री ९:५५

चौथ्या मजल्यावर आहे. शनिवारी सकाळी सहा वाजता जाणार आहोत, शेजारच्या काकूंना फोन करून विचारलंय, त्या म्हणाल्या चहाला या. मिळकतपत्रिकेसाठी सचिवांना भेटायची वेळ अकराची मिळालीय. मधल्या वेळात खालच्या किराणा दुकानदाराला जुलैचं विचारते. ओव्हरसियर काका, तुम्ही ठाण्यातच असाल आणि जमणार असेल तर याल का आमच्याबरोबर? जिन्याखालच्या खांबाला एक भेग आहे, नवरा म्हणतो प्लास्टरची आहे, मला खात्री वाटत नाही.

जुना_ओव्हरसियर | बुधवार, रात्री १०:१२

येतो. हातोडी घेऊन येतो. सहा नको, साडेसहाला या, सहाला उजाडलेलं नसतं आणि भेग उजेडात बघायला हवी.